वरची आच

"किती वेळ अशी बघत उभी राहणार आहेस गं? परीक्षा घेतेयस की काय माझी?"

सासूबाईंनी नारळावरची नजर न काढता विचारलं, आणि ओट्याला टेकून उभी असलेली सून अशी दचकली की हातातली मैद्याची चाळण पडता पडता वाचली.

"परीक्षा कसली, आई? शिकतेय. तुम्हीच म्हणता ना, बघून बघून येतं म्हणून."

"बघण्याबघण्यात फरक असतो. शिकणारा हाताकडे बघतो. तू माझ्या तोंडाकडे बघतेयस."

तिने मुकाट्याने नजर हातांकडे वळवली. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेल्या खवणीवर नारळाची वाटी फिरत होती आणि पांढराशुभ्र चव खालच्या परातीत पडत होता. करवंटीचा तपकिरी कण औषधालाही नव्हता. ही उभ्याने वापरायची खवणी सासूबाईंना मुळीच पसंत नव्हती. उभ्याने नारळ खोवायचा म्हणजे उभ्याने झोपायचं, असं त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या. पण मूल रांगायला लागल्यापासून या घरात एक कायदा झाला होता: धारेचं आणि गरम काही खाली ठेवायचं नाही. कायदा सुनेचा, आणि त्याला अपील नव्हतं.

म्हातारीचं बोलणं मात्र खोटं नव्हतं. ही परीक्षाच होती. ती जिची होती तिला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी सुनेची रजा संपत होती. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तात काय बिघडलंय ते शोधत बसायचं. लग्नाआधी घरभर चष्मा शोधणारी ही मुलगी, पण मूल झालं आणि तिच्या डोळ्यांना डोळे फुटले. टेबलाचा कोपरा, प्लगची भोकं, शर्टाचं सैल बटण, पडद्याची दोरी, सगळीकडे तिला मूल गुदमरताना, पडताना, भाजताना दिसायचं. नवरा म्हणायचा, "लोक दोरीला साप समजून घाबरतात. तू दोरीच्या सावलीलाही काठी घालशील."

मुलगी दहा महिन्यांची. घरात तिला मासोळी म्हणत. पहिल्या अंघोळीला ती आजीच्या साबणाच्या हातांतून सुळकन निसटली आणि आजीनेच तिला पाण्यातून अलगद झेलली, तेव्हापासूनचं हे नाव. सून कामावर जाणार आणि मासोळीला आजी सांभाळणार, हे तिच्या जन्माआधीच ठरलं होतं. सासूबाईंनी आपलं बेट सोडून मुलाकडे येताना बाकी काही मागितलं नव्हतं. "बसून खाणार नाही. पोर सांभाळीन," एवढंच म्हणाल्या होत्या.

पण गेल्या काही महिन्यांत काहीतरी उसवत चाललं होतं. एकदा त्यांनी मासोळीला सकाळी अंघोळ घातली, पावडर लावली, झोपवली, आणि ती उठल्यावर पुन्हा पाणी काढलं. सून "आता तर घातली" म्हणाली, तर त्या दुखावून म्हणाल्या, "मी? कधी?" एकदा दुधाची बाटली उकळायला ठेवली ती पाण्याशिवाय. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास, आणि या खिडकीत उभ्या राहून कुणाच्या घरी काय जळतंय म्हणून रस्त्यावर वाकून बघत होत्या.

"अगं, विसरते ती," नवरा म्हणाला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "वय झालं की माणूस विसरतं. मी लिफ्टच्या खड्ड्यात पाना विसरून येतो, म्हणून मला कुणी कोंडून ठेवतं का?"

"तुझा पाना रांगत नाही," ती म्हणाली होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा होती. ती एकटीच जाऊन बघून आली होती. खोल्या स्वच्छ, अंथरुणं पांढरी, खिडक्यांना जाळी. एका लांबट खोलीत सात-आठ म्हाताऱ्या भिंतीला लागून बसल्या होत्या आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. दाराला बाहेरून कडी होती. घरी येऊन तिने हे सगळं सांगितलं, कडी तेवढी सांगितली नाही.

नवरा बराच वेळ नखांतलं ग्रीस काडीने काढत बसला. मग म्हणाला, "एक कर. रविवारी तिला थर करायला सांग. लहान होती तेव्हापासून करतेय ती. ते जर तिला चुकलं, तर मी स्वतः तिची बॅग भरतो. पण नीट केलंन, तर त्या जागेचं नाव पुन्हा या घरात निघणार नाही."

"कबूल," ती म्हणाली. म्हणताना तिला आपण कोर्टात उभे असल्यासारखं वाटलं, आणि कुठल्या बाजूने, ते कळेना.

थर हा त्या बेटावरचा गोड पदार्थ. त्याला तिथे दुसरं नाव नव्हतं. नारळाचं घट्ट दूध, माडाचा गूळ, अंडी, जरासा मैदा, जायफळ. सामान बघितलं तर कुणीही म्हणेल, एवढंच? पण खरी मेख भाजण्यात. बिडाच्या जाड भांड्यात एकच पळी ओतायची आणि ती भाजायची वरून. खाली नुसती ऊब, आच सगळी वर. तो थर तपकिरी झाला की लोण्याचा हात फिरवायचा आणि पुढची पळी. असा थरावर थर. खालचा कच्चा असताना वरचा ओतलात की सगळं बसलंच म्हणून समजा. घाई चालत नाही आणि मध्येच उठून दुसरं काही करायला गेलेलंही चालत नाही. ज्याचं डोकं जागेवर नाही त्याचं हे कामच नव्हे.

सुनेने मागच्या वर्षी एकदा आपल्या मनाने करून बघितला होता, शेगडीवर, खालून आच लावून. रबराची चकती झाली. नवऱ्याने ती दोन बोटांत धरून विचारलं होतं, "लिफ्टच्या दाराला बसवू का? परवाच एकाचं झिजलंय." त्यामुळे "आई, या रविवारी मला शिकवाच" हे म्हणायला तिला निमित्त शोधावं लागलं नव्हतं.

रविवारी नवरा घरी थांबणार होता. पण सकाळीच कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि त्याला बोलावणं आलं. जाताना बूट घालता घालता तो हळूच म्हणाला, "निकाल काय तो मी फोन करून विचारतो. आणि हे बघ, कॉपी करू देऊ नकोस." हसला. ती हसली नाही.

मासोळी आतल्या खोलीत झोपली होती. स्वयंपाकघराच्या दाराला आडवी लाकडी फळी लावलेली.

"पहिलं दूध वेगळं, दुसरं वेगळं," सासूबाई फडक्यात चव घेऊन पिळत म्हणाल्या. "पहिलं थरांना. दुसऱ्यात गूळ विरघळवायचा. एकात एक झालं की कुणी निवडून देणार नाही."

प्रयोगशाळेत यंत्राचा भरवसा पाहायला मुद्दाम एक नमुना घालतात, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. तिने तेच केलं. गुळाचं गरम दूध शेगडीवरून उतरवलं आणि सरळ अंड्यांच्या भांड्याकडे नेलं. तिला माहीत होतं, हे चूक आहे. म्हातारीला आठवतं का, ते बघायचं होतं.

मनगटावर फटका बसला. जोराचा नव्हता, पण लाकडी पळीचा.

"अंडी उकडायचीत का तुला? निवू दे आधी! कॉलेजात हेच शिकवलं का?"

तिला हायसं वाटलं. आणि लगेच इतकी लाज वाटली की ती पाणी प्यायच्या निमित्ताने नळाकडे वळली.

ओव्हन शेगड्यांच्या खाली होता, गुडघ्याच्या उंचीवर. त्याची फक्त वरची तार लावायची. पहिला थर आत गेला. सासूबाई कमरेत वाकून काचेतून बघत राहिल्या. भांडं काढलं ते दोन्ही हातांत जाड फडकी धरून, आणि वळून ओट्यावरच्या लाकडी फळकुटावर ठेवलं.

"माहितीये मला तुझा कायदा," त्या म्हणाल्या. "बघत नको राहूस."

दुसरा थर. तिसरा. पळी भांड्याच्या मध्यावर रिती व्हायची आणि हाताला असा काही झोला बसायचा की पीठ आपोआप कडेपर्यंत पसरायचं, नखभर जाडीचं. सुनेने एक थर ओतून बघितला. तो एका बाजूला जाड झाला. "असू दे," सासूबाई म्हणाल्या, "पुढचा थर त्याला सांभाळून घेतो. सगळे सारखे झाले तर खाणाऱ्याला कळायचं कसं की माणसाने केलंय?"

घरभर गुळाचा आणि भाजक्या नारळाचा वास भरला. सासूबाई बोलायला लागल्या. एरवी त्या तीच गोष्ट दोनदा सांगायच्या. आज एकही पुन्हा आली नाही. त्यांची आई झाकणावर करवंट्यांचे निखारे कशी रचायची, मधे कमी आणि कडेला जास्त. वाळूच्या अंगणात सगळ्या बायका गोल करून बसायच्या, भांडी मधे, पोरं पाठीवर. कुणाचा थर आधी तपकिरी होतो यावर पैजा लागायच्या.

"ते अंगण आहे का अजून?"

"कुठलं! समुद्राने खाल्लं. आधी माड गेले, मग विहीर खारट झाली, मग अंगण. आमची चूल होती तिथे आता होडी बांधतात." हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. त्या हातानेच लोणी फिरवत होत्या, आणि हाताला घाई नव्हती. "थांब, असं वाकून रंग दिसत नाही मेला. बसल्याशिवाय कळायचा नाही."

आणि त्या ओव्हनसमोर खाली बसल्या. फरशीवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या जाजमावर, एक पाय दुमडून, एक उभा धरून. त्या वयाच्या बाईने इतक्या सहज बसावं याचं तिला नवल वाटलं. भांडं तेव्हा ओव्हनच्या आत होतं, म्हणून कायदाही मोडला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिला तिथे कायदा आठवलाच नाही. काचेतल्या तांबड्या उजेडात सासूबाईंचा चेहरा असा काही स्वस्थ दिसत होता की ती बघतच राहिली, आणि या खेपेला खरोखरच शिकणाऱ्यासारखी.

आतून मासोळीचा आवाज आला. ती जाऊन तिला घेऊन आली. फळीपाशी पोहोचताच मासोळीने आजीकडे दोन्ही हात टाकले.

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या. "आण, माझी मासोळी. बघ, थर होतोय."

ती क्षणभर थांबली. गेले कित्येक आठवडे तिने मुलीला आजीच्या हातात देऊन एकदाही पाठ वळवली नव्हती. कपडे वाळत घालतानाही एक डोळा दारातून आत असायचा. मग तिने फळी ओलांडून, वाकून मासोळीला आजीच्या मांडीत ठेवलं.

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. ती गेली. मागे वळून न बघता गेली.

"काय निकाल?" नवऱ्याच्या आवाजामागे कुठेतरी हातोडा वाजत होता.

"पास," ती म्हणाली. "अरे, पहिल्या वर्गात पास. एक चूक नाही. मी मुद्दाम चुकले, तर मलाच फटका मिळाला. मी उगाचच... ऐक, मी त्या जागेवर फोन करून नको म्हणून—"

तेव्हा ती किंकाळी आली.

कुठल्याही आईने ती आधी ऐकलेली नसते, आणि कुठल्याही आईला ती सांगावी लागत नाही. ती फळी ओलांडून गेली की पाडून गेली, तिला नंतरही आठवलं नाही. बिडाचं भांडं जमिनीवर होतं. सासूबाईंच्या गुडघ्याशी, जिथे बसलेल्या बाईने ते ठेवायचं असतं तिथेच, हाताच्या अंतरावर, पुढची पळी ओतायला सोयीचं. थर सुरेख तपकिरी झालेला. वाळूवर ते भांडं निमूट निवलं असतं. इथे त्याच्याखाली प्लास्टिक करपून धूर येत होता, आणि भांड्याच्या कडेला मासोळीने टेकलेला हात सासूबाईंनी उचलून पिठाच्या पातेल्यात मनगटापर्यंत बुडवला होता.

"गार आहे, गार आहे गं बाई," त्या म्हणत होत्या. "नारळाचं दूध आहे, गार करेल."

तिने मुलीला ओढून घेतलं आणि नळ सोडला. पाणी, पाणी, पाणी. पीठ धुऊन गेलं आणि खालून तळहात दिसला. तिने पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

चूक विसरण्यामुळे झालीच नव्हती. उलट त्यांना सगळंच आठवलं होतं, अगदी कुठे ठेवायचं तेसुद्धा. पण हे सगळं तिला पुढे सुचलं. त्या घटकेला ती फक्त ओरडली, "आई, काय केलंत हे! काय केलंत!" आणि ओला टॉवेल गुंडाळून, अनवाणी, जिना उतरून धावली. शेजारच्या मास्तरीणबाईंनी टॅक्सी थांबवली आणि त्याही बरोबर बसल्या. म्हातारी मागे एकटी राहिली, ओव्हनसकट, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

इस्पितळात मासोळीच्या बाहीला, फ्रॉकला, तिच्या स्वतःच्या गळ्यापाशी गुळाचा आणि जायफळाचा गोड वास येत होता. परिचारिकेने विचारलं, "बोटांच्या बेचक्यात हे काय चिकटलंय?"

"पीठ."

"पीठ? भाजल्यावर पीठ लावलंत?" परिचारिकेने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर तरुण होते, तिच्याहूनही लहान असतील. त्यांनी तळहात साफ केला. मासोळीला धरायला दोघं लागले. मग ते म्हणाले, हात वाचेल. पण बोटं आखडण्याची भीती आहे, पट्टी बरेच आठवडे राहील, आणि पुढे बघावं लागेल.

"मुलीजवळ कोण होतं?"

"मी," ती म्हणाली.

"आणि इतकं गरम भांडं जमिनीवर कुणी ठेवलं?"

मास्तरीणबाई तिच्याकडे बघत होत्या.

"मीच," ती म्हणाली.

हे आपण का म्हणालो ते तिला समजलं नाही. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं.

नवरा आला तो ग्रीसच्या हातांनीच. त्याने मुलीला घेण्यासाठी हात पुढे केले, ते बघितले, आणि पाठीमागे घेतले.

"तू तर म्हणालीस पास," तो म्हणाला.

"पासच झाल्या होत्या," ती म्हणाली. "मी आता सांगते, मला मधे थांबवू नकोस." आणि तिने सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. शेवटी फक्त म्हणाला, "मी फोन केला नसता तर."

"मी उचलला नसता तर," ती म्हणाली. त्या हिशोबाला शेवट नव्हता.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा जिन्यापासूनच भाजल्याचा वास येत होता. मागे एकटी राहिलेली आई नवऱ्याला आत्ता आठवली. दोन दोन पायऱ्या ओलांडत तो वर गेला. दार उघडंच होतं.

घर जागेवर होतं. ओव्हन बंद, गॅस बंद. पराती, पळ्या, पातेली घासून पालथी घातलेली. फळी पुन्हा दाराला लावलेली. आणि ओट्यावर, लाकडी फळकुटावर, थर. पुरा झालेला. कडा सुटलेल्या, वरचा रंग तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा. सासूबाई खुर्चीत बसून वाट बघत होत्या, पदर नीट केलेला.

"किती उशीर!" त्या उठत म्हणाल्या. "मेलं एवढं करून ठेवलंय आणि घरात चिटपाखरू नाही. कुठे गेला होतात सगळे?" मग त्यांना ती पट्टी दिसली. पांढरी, मोठी, कोपरापर्यंत आलेली. त्यांचा हात तोंडाशी गेला. "अगं बाई! माझ्या मासोळीच्या हाताला काय झालं?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. ती सासूबाईंच्या डोळ्यांकडे बघत होती. प्रयोगशाळेत शोधतात तसं तिने तिथे काहीतरी शोधलं, सोंग, भीती, अपराध, काहीही. तिथे फक्त आजी होती.

"भाजलं, आई," ती म्हणाली. "मी गरम भांडं खाली ठेवलं होतं."

"खाली?" सासूबाईंचा आवाज चढला. "रांगतं पोर घरात, आणि गरम भांडं खाली? अगं, डोळे आहेत की बटणं? उठता बसता आम्हाला कायदे शिकवतेस आणि स्वतः... शिकलेल्या तुम्ही! एवढीशी अक्कल नको? दे, दे तिला इकडे. तुझ्या हातात पोर द्यायची सोय राहिली नाही."

तिने मासोळी दिली नाही. पण मानही वर केली नाही.

नवरा ओट्यापाशी गेला. सुरी न घेता त्याने थराचा एक तुकडा तोडला आणि लहान मुलं खातात तसा, वरचा पदर सोलून, मग त्याखालचा, मग त्याखालचा, उभ्या उभ्या खात राहिला. त्याची पाठ त्यांच्याकडे होती. खांदे हलत होते.

"बघ कसा खातो," सासूबाई जरा निवून म्हणाल्या. "लहानपणापासून तस्साच. नीट झालाय ना रे?"

"नीट झालाय, आई," तो म्हणाला. "एकही चूक नाही."

त्यानंतर रोज सकाळी सासूबाई उठायच्या, पट्टी बघायच्या आणि विचारायच्या, काय झालं गं हिच्या हाताला. रोज ती सांगायची, मी गरम भांडं खाली ठेवलं होतं. आणि रोज तिला नव्याने बोलणी बसायची, कधी शांतपणे, कधी डोळ्यांत पाणी आणून, कधी अशी की शेजारी मास्तरीणबाईंना ऐकू जावीत. नवरा म्हणाला, "कशाला ऐकून घेतेस? पडली म्हणून सांग. काहीही सांग."

"असू दे," ती म्हणाली.

तिला ते बोलणं लागत नव्हतं असं नाही. पण त्या ओरडण्यात सासूबाई अख्ख्या असायच्या. रांगत्या पोरापासून गरम भांडं दूर ठेवायचं, हे त्यांना त्या वेळी जितकं पक्कं ठाऊक असायचं तितकं घरात कुणालाच नव्हतं. त्या चार वाक्यांपुरती तिने डोळे मिटून मुलगी त्यांच्या हवाली केली असती. वाक्यं संपली की त्या चष्मा शोधायला लागायच्या, आणि तो नाकावरच असायचा.

जाजमावर भांड्याच्या बुडाचा गोल करपून उमटला होता. घासून जाईना. सासूबाईंनी बघू नये म्हणून तिने त्यावर पायपुसणं टाकून ठेवलं.

बॅग ठरल्याप्रमाणे नवऱ्यानेच भरली. स्वेटर, औषधं, मासोळीचा फोटो. बिडाचं भांडं त्याने आधी आत ठेवलं, मग बाहेर काढलं, मग ते धरून पलंगावर नुसता बसून राहिला. आईला त्याने सांगितलं होतं, "थोडे दिवस तिकडे राहा. तिकडे डॉक्टर असतात." त्यांनी विचारलं होतं, "आणि पोर कोण बघणार?" सुनेने रजा वाढवून मागितली होती, तीही बिनपगारी.

त्या सकाळी तिने घाईघाईने स्वयंपाकघर झाडलं आणि पायपुसणं झटकायला म्हणून खिडकीत टाकलं. चहा ओतून ओट्यावर ठेवला आणि मासोळीला कडेवर घेतलं. वळून बघते तर सासूबाई आत आल्या होत्या. निघायच्या तयारीने, केस चापूनचोपून बसवलेले, पायात बंद चपला. त्या खाली बघत होत्या.

तिने कडेवरच्या मासोळीला उगाच घट्ट धरलं.

सासूबाई एक हात गुडघ्यावर ठेवून सावकाश वाकल्या. बोटाने त्या गोलाची कड चाचपली, पूर्ण, जिथून सुरू केली तिथे येईपर्यंत. तसंच वाकून त्यांनी ओव्हनच्या काचेकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या गुडघ्याकडे. मधलं अंतर हातभर होतं. बाहेरून नवऱ्याने हाक मारली, "आई, गाडी आलीय." त्या उठल्या नाहीत.

मग उठल्या. मासोळीच्या पट्टीकडे बघितलं. सून वाट बघत होती. उत्तर जिभेवर तयार होतं, रोजचंच, भाजलं आई, मी गरम भांडं.

त्यांनी विचारलं नाही.

खिडकीतलं पायपुसणं त्यांनी काढून आणलं, त्या गोलावर टाकलं आणि चपलेच्या टोकाने सरकवून सरकवून नीट मध्यावर बसवलं. कड कुठून दिसत नाही ना, ते एकदा वाकून बघितलं.

"चहा गार होईल तुझा," त्या म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या. उंबऱ्यापाशी थांबून, मागे न वळता म्हणाल्या, "आणि तिला खाली सोडू नकोस हं एवढ्यात. फरशी गार पडलीय."